समन्वय साधणारा ड्रायव्हर

नकाशा विभागातले काका शनिवारी निवृत्त होणार होते. त्याच दिवशी त्यांची खोली रिकामी करून तिथे समन्वय अधिकाऱ्यांच्या बैठका सुरू व्हायच्या होत्या. शहराच्या जमिनीखालच्या पाइपांचे नकाशे काकांनी उमेदीच्या वयात स्वतःच्या हाताने काढलेले. त्या नकाशांच्या फिल्मचे अडतीस रोल स्कॅन व्हायचे राहिले होते. उरतील ते रद्दीत, असं पत्रच आलं होतं.

सोमवारी नवा कॉम्प्युटर आला. स्कॅनर जोडला, दिवा पेटला, चौथ्या मिनिटाला विझला. एका रोलला लागतात वीस मिनिटं. काकांनी वायर काढून पुन्हा लावली. पेटला. विझला. बुधवारपर्यंत त्यांनी एवढंच केलं.

"मेलं का रे हे?" त्यांनी मला विचारलं. मी शेजारच्या टेबलावरचा कारकून. मला यंत्रातलं कळतं असा त्यांचा समज होता, आणि तो मोडायचा मला कंटाळा होता. मी आयटीतल्या बाईंना बोलावलं.

"यंत्र ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. "पण याचा ड्रायव्हर, म्हणजे याची ओळख करून देणारा प्रोग्रॅम, कॉम्प्युटरवर नाही. त्याच्या लेखी याला वाली नाही. ज्याला वाली नाही त्याची वीज तो तोडतो. बचत."

"मग आणा ना ड्रायव्हर."

"बनवणारी कंपनीच बुडाली, काका."

"अहो, पण स्कॅनिंगचा प्रोग्रॅम तर चालतोय!"

"तो यंत्राशी थेट बोलतो. त्याला मध्ये कोणी लागत नाही. कॉम्प्युटरला लागतं. मध्ये कोणी असल्याशिवाय काम चाललंय हे त्याला पटतच नाही."

काका माझ्याकडे वळले. "हा आपल्याच ऑफिसात वाढलाय की काय?"

बाईंनी दुपारी एक छोटा ड्रायव्हर लिहिला. 'हे यंत्र माझं' एवढं सांगून तो गप्प बसणार होता. मात्र बसवायला परवानगी हवी. अर्जात 'ड्रायव्हरचे कार्य' असा रकाना. बाई सरळमार्गी, त्यांनी लिहिलं, 'काहीही करत नाही'.

गुरुवारी संध्याकाळी अर्ज परत आला. समन्वय अधिकाऱ्यांचा शेरा: 'काहीच करत नसल्यास आवश्यकता काय?'

काकांनी चष्मा काढून डोळे चोळले. "जाऊ दे. पाइप कुठे पळतायत? फुटतील तेव्हा सापडतील."

शुक्रवारी सकाळी मी नवा अर्ज घेतला आणि त्या रकान्यात लिहिलं, 'समन्वय साधतो'. अकराला पाठवला, सव्वाअकराला सही होऊन आला. शेरा: 'उत्तम.'

दिवा पेटला आणि पेटलेला राहिला. काकांनी दोन्ही दिवस डबा उघडला नाही.

शनिवारी साडेचारला अडतिसावा रोल संपला. टेबलं उचलायला हमाल दारात येऊन उभे होते. मी स्कॅनरच्या बटणाकडे हात नेला.

"थांब," काका म्हणाले. "आठवडाभर हा मला न विचारता विझत होता. आज मी विझवतो."

त्यांनी बटण दाबलं, वायरची नीट गुंडाळी केली, आणि हमालांना म्हणाले, "हं, उचला."