काकूंची कटकट

दाढीची पाती म्हणजे दिसायला एवढुशी, आणि किंमत ऐकली की दाढी वाढवलेली बरी वाटावी. पाकीट मुठीत मावतं, खिशात दिसत नाही. त्यामुळे त्या सुपरमार्केटातल्या पात्यांना पाय फुटले होते. मॅनेजरने शेवटी तिथे एक पेटी बसवली. पेटीला एक मूठ. ती फिरवली की एकच पाकीट खाली घसरतं, आणि फिरवताना असा खणखणीत आवाज होतो की पार बिस्किटांपाशी उभ्या माणसाने मान वर करावी. कट-कट, कट-कट. दुसरं पाकीट हवं तर पुन्हा फिरवा, पुन्हा वाजवा. विकत घेणाऱ्याला त्याचं काही नाही. ढापणाऱ्याला मात्र घाम फुटतो.

पहिल्याच दिवशी दुकानात सगळे त्या पेटीला 'कटकट' म्हणायला लागले, आणि तिची जबाबदारी आली काकूंकडे. काकू म्हणजे त्या रांगेत माल लावणाऱ्या बाई. आवाज झाला की हातातलं टाकून जायचं, हसायचं आणि "काही मदत करू का?" म्हणायचं. संशय घ्यायचा नाही, नुसतं दिसायचं. काकू दिसायच्याच, वर बोलायच्याही. कुठलं पातं कुठल्या रेझरला बसतं, गाल आधी कोमट पाण्याने का भिजवावेत, सगळं साग्रसंगीत. महिनाअखेरीला एकही पाकीट कमी भरलं नाही. मॅनेजर खूश होऊन म्हणाला, "काकू, कटकट असली की माल जागेवर राहतो."

हे कौतुक काकूंनी घरी नवऱ्याला सांगितलं, आणि तिथेच चुकलं.

"मग आपल्या घरातून तर चमचासुद्धा हलायचा नाही," नवरा म्हणाला. तेव्हा त्या हसल्या. पण आज सकाळी नाही हसल्या. उद्या लेकीचे होणारे सासू-सासरे पहिल्यांदा जेवायला येणार, आणि हा बस ड्रायव्हर गडी सुट्टी लागल्यापासून गालांवर खुंट वाढवून बसलेला. काकूंनी दाढीचं काढलं, मग पडद्यांचं, मग पुन्हा दाढीचं. नवऱ्याने वर्तमानपत्र आपटलं. "किती कटकट करशील गं? दुकानात एक आहे ती पुरे नाही का?"

आता बोलणारा बोलून जातो. काकूंच्या मात्र ते काळजाला लागलं. इतकी वर्षं जे काळजीने बोललो, ते सगळं या माणसाच्या कानाला कटकटच वाटलं? त्या म्हणाल्या, "बरं. आता तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही." आणि डबा घेऊन निघाल्या. दिवसभर फोन वाजला, त्यांनी उचलला नाही. साबणाच्या वड्या लावता लावता दोनदा डोळे पुसले.

संध्याकाळी त्या शिडीवर चढून वरच्या फळीवर तेलाचे डबे लावत होत्या, तेव्हा कट-कट झालं. उतरेपर्यंत पुन्हा झालं. मग पुन्हा, आणि पुन्हा. दाढीला कुणाला इतकी पाती लागतात? महिनाभर राखलेलं आजच जाणार म्हणायचं. त्या लगबगीने गेल्या, पण वॉचमन आधीच पोचला होता.

पेटीपाशी नवरा उभा होता. पायात घरच्या चपला, गालांवर खुंट, ओंजळीत पाकिटं, आणि ओंजळीत मावली नाहीत म्हणून एक शर्टाच्या खिशात. वॉचमनने त्याचा दंड धरला होता.

"चोरी नाही हो," तो मॅनेजरला सांगत होता. "माझी बायको इथे असते. रोज सांगते, हे वाजलं की मी धावत येते. सकाळपासून बोलत नाहीये. एकदा फिरवलं, आली नाही. म्हणून परत फिरवलं."

"सगळ्यांचं असंच काहीतरी असतं," वॉचमन म्हणाला.

मॅनेजर वळला. "काकू, ओळखता का यांना?"

काकूंच्या तोंडाशी शब्द आला होता, पण सकाळचं बोलणं आडवं आलं. वॉचमनने दंड आणखी आवळला. नवरा काकूंकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा पार उतरला.

"बोल की गं," तो हळूच म्हणाला. "तू बोलली नाहीस तर मी चोर."

काकूंनी एक श्वास घेतला.

"सोडा त्यांना. माझे मिस्टर आहेत. आणि काय हो, खिशात ठेवतात का कुणी? आणि घरच्या चपलांवर बाहेर पडलात? भात खाल्लात की तसाच झाकून ठेवलाय? आणि एवढी पाती कशाला, एकच घ्या, निळं घ्या, पिवळं तुमच्या रेझरला बसत नाही. उद्या उठल्याबरोबर दाढी, आधी कोमट पाणी, घाई करू नका, नाहीतर हनुवटीला कापून घ्याल आणि व्याह्यांसमोर कापूस लावून बसाल."

वॉचमनने दंड सोडला. मॅनेजर तोंड फिरवून हसत होता.

"तुम्ही म्हणता ते खरंय, साहेब," नवरा म्हणाला. "कटकट असली की माल जागेवर राहतो."

काकूंनी किल्लीने पेटी उघडली आणि पाकिटं परत लावायला घेतली. तोंड चालूच होतं, आता पडद्यांवर आलं होतं. नवरा एकेक पाकीट त्यांच्या हातात देत ऐकत उभा राहिला. त्याला कसलीही घाई नव्हती.