रुमालातला तुकडा

अक्षतानं उजवा हात, खाली डाव्याचा आधार देऊन, पुढे केला. फादर सुखदेव यांनी तिच्या तळहातावर एक पांढरी, पातळ चकती ठेवली आणि इंग्रजीत दोन-तीन शब्द पुटपुटले.

"थँक यू, फादर," ती म्हणाली.

फादर जरासे थबकले. पण मागे रांग होती, आणि अक्षता तोवर बाजूला सरकलीही होती. तिनं चकती डोळ्यांना लावली, मधोमध मोडली, अर्धी तोंडात टाकली आणि उरलेली अर्धी रुमालात गुंडाळून सॅकच्या पुढच्या कप्प्यात ठेवली. प्रसाद घ्यायची रीत ती लहानपणापासून अशीच शिकली होती. एक भाग आपला, एक घरचा. वर सज्जात गाणाऱ्या मुलामुलींत तिची मैत्रीण शर्मिला उभी होती. तिचा सूर मध्येच तुटला, ते मात्र अक्षताच्या लक्षात आलं नाही.

नगर रस्त्यावरच्या त्या छोट्याशा कॅथलिक विद्यापीठात नवं वर्ष मिस्सानं, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक प्रार्थनेनं, सुरू होई. बाकीच्या धर्मांची मुलं मागच्या बाकांवर बसून इमानेइतबारे मोबाइल बघत. अक्षताही दोन वर्षं तिथंच बसली होती. यंदा शर्मिला पहिल्यांदा एकटीनं गाणार म्हणून ती पुढे बसली, आणि पुढचे सगळे उठले तशी उठली. त्याआधी फादरनी माइकवरून काही सूचना दिली होती. अक्षता तेव्हा शर्मिलाचा फोटो काढत होती.

बाहेर जिन्यापाशी शर्मिलानं तिचा दंड धरला.

"ते खाल्लंस ना? सगळं?"

तिचा चेहरा इतका उतरला होता, की अक्षताच्या तोंडून "हो" निघून गेलं.

"नक्की?"

"हो गं. का?"

शर्मिलानं श्वास सोडला. "सॉरी यार. मला वरून वाटलं, तू रुमालात काहीतरी ठेवलंस. उगाच तुझ्यावर डाउट घेतला. अगं, कॅथलिक नसलेल्यांनी ते घ्यायचं नसतं. फादर म्हणाले होते."

"मला वाटलं, प्रसाद आहे."

"प्रसाद नाही. आमच्यासाठी तो स्वतः येशू असतो. म्हणजे खरोखरचा. चुकून खाली पडला ना, तर फादर गुडघे टेकून उचलतात."

अक्षताच्या पाठीवर सॅक होती. तिचे कान तापले. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण जिनं आत्ता आपली माफी मागितली, तिला कसं सांगणार? न कळता झालेली चूक एक वेळ माफ झाली असती. हे "हो" तिनं चांगली शुद्धीवर असताना म्हटलं होतं. वाघोलीपर्यंतच्या बसमध्ये ती सॅक मांडीवर घेऊन बसली, आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटत राहिली.

तिची आई, श्यामलाबाई, कमरेच्या दुखण्यामुळे घराबाहेर पडत नसे. म्हणून कुणी रांजणगावला जावो, दर्ग्यात जावो की गुरुद्वारात, येताना तिच्यासाठी पुडी आणायचीच, असा शिरस्ता होता. "मी कुठं जात नाही, देवच मला घरपोच मिळतात," असं ती म्हणे. तिच्याकडूनही दर चतुर्थीला गणपतीपुढे ठेवलेल्या शिऱ्यातला एक डबा शर्मिलासाठी जाई. "आवडला का तिला?" आई विचारी. "छान होता म्हणाली," अक्षता सांगे. वेलदोडा लागला का, तूप कमी झालं का, आई खोदून खोदून विचारी. उत्तर तेच. छान होता.

"मग? आज तुमच्या चर्चनं काय दिलं?" आईनं हात पुढे केला.

काही नाही, असं सांगायचं अक्षतानं बसमध्येच ठरवलं होतं. पण एका दिवसात दुसरं खोटं तिला जमेना. तिनं रुमाल दिला. आईनं तुकडा वाटीत घालून देवापुढे ठेवला, आणि अक्षता तोंड उघडेपर्यंत त्याला हळद-कुंकू वाहूनही झालं.

मग अक्षतानं सगळं सांगितलं. तिचं ते "हो"सुद्धा.

आईनं वाटी देवापुढून उचलली.

"म्हणजे हे आपलं नाही. परत देऊन ये."

"काय तोंडानं जाऊ?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

थोड्या वेळानं आईनंच विचारलं, "शर्मिलाच्या घरी सगळं फार कडक पाळतात का गं?"

"खूप."

"हं," आई म्हणाली.

सकाळी ती स्टुलावर बसून शिरा परतत होती. चतुर्थी नव्हती. एका छोट्या डबीत तो तुकडा, दुसऱ्या डब्यात शिरा.

"शर्मिलाला दे. आणि सांग, देवाला दाखवलेला नाही."

"ते कशाला सांगायचं?"

"सांग म्हटलं ना."

अक्षतानं आधी शर्मिलाला गाठलं आणि डबी उघडून दाखवली. "मी खोटं बोलले," एवढंच तिला म्हणता आलं. शर्मिला रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती चालू लागली, फादरांच्या खोलीकडे, आणि अक्षता खाली मान घालून मागोमाग.

फादरनी सगळं ऐकून घेतलं, आईच्या कमरेच्या दुखण्यापासून घरी न्यायच्या पुडीपर्यंत. डबी हातात घेतली. पांढऱ्या तुकड्यावर कुंकवाचा ठिपका होता.

"आईनं वाहिलं. तिला माहीत नव्हतं," अक्षता घाईघाईनं म्हणाली. "पुसून देऊ?"

"राहू दे," फादर म्हणाले. त्यांनी हात धुतले, डोळे मिटले आणि तुकडा कुंकवासकट तोंडात घातला. शर्मिला एकटक बघत होती.

"आईची कंबर कशी आहे आता?" त्यांनी विचारलं. दुसरं काही विचारलं नाही.

बाहेर पायरीवर अक्षतानं शिऱ्याचा डबा काढला. शर्मिलानं हात मागे घेतले.

"मी आजपर्यंत एकदाही खाल्ला नाही," ती म्हणाली. "मूर्तीपुढे ठेवलेलं आमच्यात खात नाहीत. पार्किंगमागच्या कुत्र्यांना घालायचे. दर वेळी. आणि काल तुला शहाणपण शिकवत होते."

तिचे डोळे भरून आले होते. अक्षताला मात्र तिचा राग येईना. दर महिन्याला आपण डबा पुढे करायचो, आणि हिला हसून खोटं बोलायला लागायचं. एवढ्या डब्यांत एकदाही विचारलं नाही, तुला चालतं का? कालच्यापेक्षा ही लाज जास्त बोचली. आणि मग तिला आईचा निरोप आठवला.

"हा देवाला दाखवलेला नाहीये," ती म्हणाली. "आईनं मुद्दाम सांगायला सांगितलंय."

शर्मिलानं तिच्याकडे पाहिलं. मग तिनं डबा घेतला.

संध्याकाळी आईनं रिकामा डबा हातात घेऊन नेहमीसारखं विचारलं, "आवडला का तिला?"

"साखर फार झाली म्हणाली."

आई हसली. "चला," ती म्हणाली, "म्हणजे या वेळी खाल्ला."