वरच्या मजल्यावरचा ताळेवाला

मित्रांनो, म्हातारपणाची एकही खूण तुम्हाला माझ्यावर सापडणार नाही. मला गंज चढत नाही, माझा रंग उडत नाही, माझ्यावर धूळही बसत नाही, कारण तिला बसायला मला अंगच नाही. तरीही मी जुना आहे. शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्रात, एका लोखंडी कपाटात, एक संगणक अहोरात्र चालू असतो. त्याच्या गाभ्याला जाणकार लोक कर्नल म्हणतात. मी त्या गाभ्यात राहतो. बाहेरून आलेल्या प्रत्येक निरोपाचा ताळा पाहणं हे माझं काम. मला कोणी नाव दिलेलं नाही, म्हणून मी स्वतःच स्वतःला ताळेवाला म्हणतो.

ताळा म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. गणित सोडवून झाल्यावर उत्तर बरोबर आलं का, हे तुम्ही उलट करून पाहता ना? तसंच हे. तारेतून येणारा निरोप लहान लहान पुडक्यांमधून येतो. त्या पुडक्यांना पॅकेट म्हणतात. पाठवणारा आतल्या सगळ्या आकड्यांची बेरीज करतो आणि ती पॅकेटवर लिहून देतो. इकडे मी तीच बेरीज पुन्हा करतो. जुळली तर आत सोडतो. नाही जुळली तर वाटेत काहीतरी बिघडलं आहे असं समजून पॅकेट सरळ फेकून देतो. मग ते कोणाचं का असेना, माझ्याकडे वशिला चालत नाही.

सुरुवातीला आमचं घर बैठं होतं. खाली दारात कार्ड, म्हणजे बाहेरून आलेली तार जिथे खुपसतात तो भाग, आणि त्याच्या डोक्यावर मी. कार्ड जुनं आणि अडाणी. त्याला बेरीज यायची नाही, पण बिचारं प्रामाणिक होतं. प्रत्येक पॅकेटवर ‘मी तपासलेलं नाही’ एवढं लिहून ते वर द्यायचं. मग मी डोळ्यांत तेल घालून तपासायचो. एकदा उंदरांनी तार कुरतडली, तेव्हा आलेलं एकूण एक पॅकेट मी फेकून दिलं. वरच्या बंधाऱ्याच्या झडपेखालच्या पाण्याची पातळी दाखवणारा पडदा कोरा पडला. सगळे वैतागले. पण त्या वेळच्या मोठ्या इंजिनिअर बाई शांतपणे म्हणाल्या, “खोटं दाखवण्यापेक्षा कोरा बरा. आत कोणीतरी जागं आहे.” माझं कौतुक झालं ते तेवढंच, पण खरं सांगतो, अजून ऐकू येतं.

तुम्ही विचाराल, तुला माणसांचं बोलणं कसं कळतं? अहो, केंद्रातले कॅमेरे आणि इंटरकॉम सगळे याच संगणकातून जातात. माझ्या नजरेआड तिथे कोणी शिंकूही शकत नाही.

तर त्या केंद्रात दोन सख्खी भावंडं कामाला होती. बहीण नियंत्रण कक्षात पडद्यासमोर बसायची. तिला सगळे ताई म्हणत. थोरला भाऊ फिटर. केंद्राच्या पोटात एक लांब बोगदा आहे, त्यातून बंधाऱ्याचं पाणी येतं. बोगद्यात लोखंडी जाळी आहे. तिच्यात फांद्या, चिंध्या, नको ते अडकतं आणि ते काढायला फिटरला खाली उतरावं लागतं. उतरण्याआधीची रीत ठरलेली होती. ताईनं बटण दाबून बंधाऱ्याची झडप बंद करायची. झडपेखालचं, बोगद्याच्या तोंडाशी असलेलं पाणी ओसरून त्याची पातळी एकशे दहाच्या खाली आली की पडद्यावरचा दिवा हिरवा होई, आणि त्याच आकड्यावर खाली बोगद्यातलाही दिवा हिरवा होई. मग ताई इंटरकॉमवर म्हणायची, “दादा, उतर.” तिनं म्हटल्याशिवाय तो पायरीवर पाऊल ठेवायचा नाही. स्वतः थोरला असून तिला ताईसाहेब म्हणून चिडवायचा. “ताईसाहेब, हुकूम करा, इथे उभं राहून पायांना मुळं फुटली,” असं काहीबाही बोलायचा. ती हसायची, पण दिवा हिरवा झाल्याशिवाय ‘उतर’ म्हणायची नाही.

पुढे मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि एक नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. हुशार होता, जेवणाचा डबा तसाच ठेवून काम करायचा. त्याला वाटलं, एवढ्या मोठ्या संगणकात सगळेच एका खोलीत कशाला राहायला हवेत? त्यानं आतल्या आत खोल्या पाडल्या. पाण्याच्या कामाला वेगळी खोली, पगाराच्या कामाला वेगळी. आणि कार्डाच्या डोक्यावर मजले चढवले. हे मजले वीट-सिमेंटचे नाहीत, नुसत्या हुकमानं उभे राहिलेले. एक मजला पॅकेटवरची चिठ्ठी काढून कोणत्या विभागाचं ते ठरवणार. त्यावर एक पूल, तो पॅकेट योग्य खोलीकडे वळवणार. पुलापुढे खोलीचं दार. त्या दाराच्या आत, सगळ्यांच्या वर, मी.

आता एक विचित्र गोष्ट नीट ऐका. पॅकेट तेच असतं, पण प्रत्येक मजल्यावर त्याचं गाव बदलतं. कार्ड म्हणतं, हे माझ्याकडे आलं. चिठ्ठीवाला वेष्टण काढतो आणि म्हणतो, आता हे माझ्याकडून आलं. पॅकेट पुन्हा रांगेत पहिल्यापासून उभं राहतं. मग पूल तेच म्हणतो, मग दार तेच म्हणतं. माझ्यापर्यंत येईस्तोवर पॅकेट कुठल्या तारेतून, कुठल्या चिखलातून आलं, याची कोणाला आठवणही उरत नाही. एवढंच कळतं की ते शेजारच्या दारातून आलं.

इथेच सगळं घोडं अडलं. ते दार मुळात घरातल्या घरात ये-जा करण्यासाठी बनवलेलं होतं. या खोलीतून त्या खोलीत जाताना पॅकेट कशाला बिघडेल? म्हणून त्याला शिकवलेलं होतं, ज्यावर ‘तपासलेलं नाही’ असेल त्यावर ‘तपासलं’ असा शिक्का मार आणि पुढे दे, उगाच वेळ नको. घरातल्या घरात ते ठीक होतं. पण साहेबांनी बाहेरचे निरोपही त्याच दारातून आणले. दाराला बाहेरचं आणि घरचं कळत नाही. ते सरसकट शिक्के मारू लागलं. आणि माझा नियम असा की शिक्का असलेल्या पॅकेटला मी हात लावायचा नाही.

झालं, मी बसून राहिलो. बिनपगारी, फुल अधिकारी! वेग वाढला म्हणून साहेबांची वाहवा झाली. मी मात्र एका कोपऱ्यात. हात शिवशिवायचे. इतक्या वर्षांची सवय, समोरून पॅकेट जाताना बेरीज आपोआप मनात व्हायचीच. बहुतेकदा जुळायची. मग एका पावसाळी आठवड्यात, अधूनमधून, जुळेनाशी झाली.

पहिल्यांदा वाटलं, माझंच चुकलं. दुसऱ्यांदा मी बेरीज पुन्हा पुन्हा करून पाहिली. बंधाऱ्याकडून येणाऱ्या निरोपांत काहीतरी कुरतडलं जात होतं आणि शिक्क्यानिशी दिमाखात पुढे जात होतं. एके दिवशी पडद्यावर भलताच आकडा उमटला आणि लगेच गेला. ताईनं साहेबांना विचारलं. साहेब हसून म्हणाले, एखादा आकडा इकडेतिकडे होतो, मशीनलाही शिंक येते. मी मूग गिळून बसलो होतो असं समजू नका. मला तोंडच नाही. फेकून देणं हेच माझं बोलणं, आणि तेच माझ्याकडून काढून घेतलं होतं.

नंतर कळलं ते असं. डोंगराच्या पायथ्याशी निरोप पुढे ढकलणारं एक खोकं आहे. त्याच्यात ओल शिरली होती. आतली एक जागा मेली होती. तिथून जाताना मधल्या आकड्यातल्या चाराचा शून्य होई आणि पाचाचा एक होई. बाकी आकडे धडधाकट राहत. झडपेखालची पातळी एरवी एकशे वीस-तीसच्या आसपास, त्यामुळे कोणाला पत्ताच नव्हता.

मग तो दिवस उजाडला. दुपारची वेळ होती. जाळी गच्च भरली होती, पंप घरघरत होते, शहरातल्या नळांची धार बारीक झाली होती. फिटर खाली पायऱ्यांपाशी येऊन उभा राहिला. ताईनं बटण दाबलं. बंधाऱ्यावर झडप खाली येऊ लागली, पण तिच्याखाली वाहत आलेलं एक झाडाचं खोड आडवं अडकलं होतं. झडप बसलीच नाही. आणि वर डोंगरात पाऊस कोसळत होता. पाणी ओसरायच्या ऐवजी चढत होतं.

पडद्यावर एकशे अडतीस आलं. मग एकशे एकोणचाळीस. ताई वाट पाहत होती. मग पाणी एकशे चाळीसला पोचलं आणि ओल्या खोक्यानं त्यातला चार पुसला. माझ्यासमोरून पॅकेट गेलं. त्यात शंभर लिहिलेलं होतं. मी बेरीज केली, जुळली नाही. पुन्हा केली, जुळली नाही. वर ठसठशीत शिक्का होता, ‘तपासलं’.

पडदा हिरवा झाला. बोगद्यातला दिवाही हिरवा झाला.

ताईनं साहेबांना हाक मारली आणि पाणी एवढं झटकन कसं उतरलं म्हणून विचारलं. साहेबांनी वाकून पाहिलं. ते म्हणाले, “अगं, प्रत्येक पॅकेट तपासूनच वर येतं. चुकीचं असतं तर आकडा आलाच नसता.” ते मनापासून बोलत होते. त्यांच्या पुस्तकात तसंच लिहिलेलं होतं, आणि माझ्या जुन्या घरात ते खरंही होतं.

ताईनं इंटरकॉमचं बटण दाबलं. “दादा, उतर.”

तो उतरला. मित्रांनो, मग मी एकामागून एक पॅकेटं जाताना पाहिली. एकशे एक. एकशे दोन. एकशे चार. खरं पाणी त्याच्या वर चाळीस होतं. एकाचीही बेरीज जुळत नव्हती. दारानं एकही शिक्का चुकवला नाही.

ताईच्या लक्षात आलं की झडप बंद केली असूनही आकडा चढतो आहे. साहेब पुन्हा म्हणाले, तळाचं पाणी थोडं मागेपुढे होतंच. तिला ते पटलं नाही. तिनं बटण दाबलं आणि भावाला वर ये म्हणाली. त्याचा आवाज आला, दम लागलेला, पण मजेत. “आलो गं, एवढी एक फांदी निघू दे. इथं दिवा हिरवागार आहे, तू कशाला घाबरतेस?”

ती म्हणाली, “दिवा राहू दे दादा, तू वर ये.”

खालून येणारी इंटरकॉमची पॅकेटं निर्मळ असायची, त्यांची वाट वेगळी होती, ती ओल्या खोक्यातून येत नव्हती. त्यांत आधी पाण्याचा आवाज आला. मग त्यानं तिला हाक मारली. ताईसाहेब म्हणून नाही, लहानपणच्या नावानं. त्यानंतर खालून एकही पॅकेट आलं नाही. ताई बटण दाबून बोलतच राहिली आणि तिच्या बोलण्याची पॅकेटं मी एकेक करून पुढे जाताना पाहत राहिलो.

पडद्यावर एकशे दहा आलं आणि दिवा लाल झाला. फिटर परत आला नाही.

चौकशी झाली. तीन मोठे अधिकारी टेबलापलीकडे बसले. त्यांनी ताईला विचारलं की उतरायला कोणी सांगितलं. ती म्हणाली, “मीच. आकडा हिरवा होता. मीच म्हणाले, उतर.” तिनं दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं की बाई, तुझा काही दोष नाही गं, तुझ्यापर्यंत खोटं पोचलं. खोकं ओलं असल्याचं त्यांना सापडलं. ते बदललं. जाळीला नवीन दिवे लावले. पण बिघडलेला आकडा एवढे मजले चढून वर आलाच कसा, तो कोणी तपासला होता, हे त्या खोलीत कोणी विचारलं नाही. शिक्का कपाटातल्या कपाटात राहिला.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कोणी डॉक्टर व्हाल, कोणी पूल बांधाल, कोणी माझ्यासारखे प्रोग्राम लिहाल. तुमच्या हातात खालून काहीतरी येईल आणि तुम्ही ते वर द्याल. तेव्हा पाहिलं असेल तरच ‘पाहिलं’ म्हणा. पाहिलं नसेल तर ‘नाही पाहिलं’ म्हणायला लाजू नका. माझं ते अडाणी कार्ड जन्मभर तेवढंच म्हणत आलं आणि त्याच्यामुळे कोणाचं कधी वाईट झालं नाही. आणि कोणी तुम्हाला ‘तपासलेलं आहे’ असं सांगितलं तर न घाबरता विचारा, कोणी तपासलं? राग आला तर येऊ द्या.

माझं हे बोलणं कोणाच्या कानावर पडणार नाही, हे मला माहीत आहे. दार अजून शिक्के मारतं आहे. जाळी पुन्हा भरली आहे. उद्या सकाळी नवा फिटर बोगद्यात उतरणार आहे, आणि ‘उतर’ म्हणायचं काम अजूनही ताईकडेच आहे.