न बोलावलेली पाहुणी

झ्लाटका भाजलेल्या मिरच्यांची सालं काढत बसली होती. बोटं पोळत होती, पण तिला काही जाणवत नव्हतं. नवरा गावरिल जाऊन सात महिने झाले, तेव्हापासून ती अशीच बधिर होती.

धाकटा दीर रांगेल दारातूनच म्हणाला, "वहिनी, बानित्सा भाजून झाली ना? चल मग. आज न्यायाधीश पेलोवसाहेबांच्या नावाचा सण, उद्या आपली तारीख. आज तोंड दाखवलं नाहीस, तर उद्या कोण विचारतंय तुला?"

ज्या संताचं नाव ठेवलेलं असतं, त्याच्या दिवशी घरी सण करतात; या नावाच्या सणाला बोलावणं लागत नाही. दार सगळ्यांना उघडं, आल्या पाहुण्याला कोणी परत पाठवत नाही. गावानं त्याची बरोब्बर सोय करून घेतली होती. न्यायाधीशांवर कोणाचा काडीचा विश्वास नाही, पण समोर उभं राहून जाब विचारायचा म्हटलं की सगळ्यांची दातखीळ बसते. त्यापेक्षा सणाचं निमित्त करून डुकराची तंगडी नेऊन देणं सोपं.

पेलोवबाईंनी चीज भरलेली ती पापुद्र्यांची बानित्सा आत नेली आणि झ्लाटकाला टेबलाच्या टोकाला बसवलं. साहेबांच्या उजव्या हाताला कारखान्याचा मालक व्हांगेलोव बसला होता. त्याच्याच यंत्रात सापडून गावरिल गेला. उद्या आरोपी म्हणून तोच उभा राहणार होता. साहेब त्याच्या पेल्यात राकिया ओतत होते.

झ्लाटकाला राग आला नाही, रडूही आलं नाही. ती उठली आणि बाजारात भाव विचारावा तसं म्हणाली, "साहेब, यंत्रावरची सुरक्षेची जाळी कोणी काढायला लावली, हे यांना कधी विचारलंत का?"

"वहिनी, बस खाली," रांगेल कुजबुजला.

"ते कोर्टात, बाई," साहेब हसून म्हणाले. "आज सण आहे."

"कोर्टात तुम्ही मला गप्प बसवता. इथून पाहुणीला हाकलता येत नाही. मी थांबते, तुम्ही विचारा."

टेबलाभोवती कारखान्यातले अकरा कामगार होते. जाळी कोणाच्या हुकमानं निघाली, हे अकराही जणांना ठाऊक होतं. ते माना खाली घालून ताटातला कोबी चिवडत राहिले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तारीख पुढं ढकलली. झ्लाटका आता प्रत्येक तारखेला जाते, तोच प्रश्न विचारते आणि घरी येते. गावात त्या दिवसाचा विषय अजून निघतो. विधवेनं भरला सण नासवला, म्हणून बायका हळहळतात. आरोपी न्यायाधीशाच्या शेजारी बसून जेवत होता, हे मात्र कोणाच्याही तोंडून निघत नाही.