दुसऱ्या चेहऱ्याची जागा

सत्यवतीचा फोन फुगला तेव्हा तिला जाऊन तीन महिने झाले होते. पाठीमागचं झाकण एका कडेनं वर आलं आणि आतली बॅटरी पुरीसारखी टम्म झालेली दिसू लागली. तिच्या मुलीनं, तेजस्वीनं, तो पारनाक्यावर स्टॅनीच्या दुकानात नेला. स्टॅनीनं तो हातातसुद्धा घेतला नाही.

"तेजू, हा आता चार्जिंगला लावू नकोस. घराला आग लावशील. उरलंय त्यात दोन-चार दिवस चालव आणि नवीन घे."

"बॅटरी बदलून?"

"ह्या मॉडेलची चांगली बॅटरी आता मिळत नाही. मी तुला खोटी लावून देऊ? सत्तूमावशी वरून शिव्या देईल मला."

तेजस्वी विरारच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. आई गेल्यापासून ती होळी गावातल्या घरी वडिलांपाशी राहायला आली होती. घरातलं माणूस गेलं म्हणून सोनचाफा काही फुलायचा थांबत नाही, आणि कळी उमलायच्या आत काढली नाही तर बाजारात पोचेपर्यंत मान टाकते. म्हणून रोज पहाटे ती आईचं फडकं डोक्याला बांधून वाडीत जायची, एकवीस झाडांची फुलं काढून टेंपोवाल्याच्या हवाली करायची आणि मग कामावर निघायची. गिऱ्हाइकं आईच्याच नंबरवर फोन करत, म्हणून फोनही आईचाच वापरात राहिला होता.

नवा फोन तिनं ग्रंथालयासाठी पुस्तकं निवडावीत तसा निवडायला घेतला. वहीत रकाने आखले. विवो, ओप्पो, रेडमी, रिअलमी. कोणाची बॅटरी किती, कोण किती मिनिटांत भरतो, कोण किती वर्षं अपडेट देतो. दुपारच्या सुट्टीत लोकांची मतं वाचली. एकाच किमतीच्या फोनांवरून माणसं एकमेकांच्या खानदानापर्यंत पोचत होती. वाचता वाचता तिच्या लक्षात आलं, की हे चौघे चार भावांसारखे आहेत. अंगरखा वेगळा, हाडं तीच. शेवटी तिनं आणखी एक रकाना आखला आणि त्याला नाव दिलं नाही. त्या रकान्यातला प्रश्न कुठल्याच मतात नव्हता.

दोन वर्षांपूर्वी स्टॅनी भाचीच्या लग्नासाठी चाफा न्यायला वाडीत आला होता. आईनं त्याच्याचकडून घेतलेला फोन पुढे केला आणि म्हणाली, "स्टॅनी, ह्याला कुलूप लावून दे." त्यानं तिथंच, पहिल्या झाडाखाली, तिचा चेहरा फोनात नोंदवला. तेव्हा आईच्या डोक्याला तांबड्या चौकड्यांचं फडकं होतं. दव आणि मुंग्या केसांत जाऊ नयेत म्हणून भुवयांपर्यंत ओढलेलं, हनुवटीखाली गाठ मारलेलं. फोननं सत्यवती म्हणून जी बाई शिकून घेतली ती ही. घरी आल्यावर उघड्या डोक्याची सत्यवती समोर धरली, तर तो म्हणाला, चेहरा जुळत नाही.

आकड्यांनीही तो उघडे, पण आईला ते नको होतं. "मला ओळखतो ना तो? मग आकडे कशाला?" फोन उघडायचा झाला की ती खुंटीवरचं फडकं काढून बांधायची. बँकेत जाताना पर्समध्ये फडकं. लग्नात, भर मंडपात, जरीच्या साडीवर फडकं. सगळे हसून लोळायचे. स्टॅनी म्हणाला, "मावशी, आण, नवीन चेहरा घालून देतो." तर म्हणाली, "राहू दे. चोराला काय ठाऊक, आधी फडकं बांधायचं ते?"

मग दवाखाना झाला. शेवटच्या आठवड्यात तिनं खुणेनं फोन मागितला. तेजस्वीनं तो तिच्या तोंडासमोर धरला. नाकावर नळी, गाल आत गेलेले, केस मोकळे. फोन दोनदा थरथरला. चेहरा जुळत नाही. तेजस्वीनं घाईघाईनं आकडे टाकून तो उघडला, पण आईनं तोवर मान वळवली होती. जरा वेळानं तिनं हातानं डोक्याभोवती फडकं बांधल्यासारखं केलं. "उद्या आणते हं," तेजस्वी म्हणाली.

तो उद्या आला नाही.

तेराव्यानंतर तेजस्वी पहिल्यांदा वाडीत उतरली तेव्हा खुंटीवरचं तेच फडकं तिनं बांधलं. टेंपोवाल्याला फोन लावायला खिशातून फोन काढला, आणि आकडे टाकायच्या आत तो टिक करून उघडला. ती झाडाला टेकून उभी राहिली. मग समजूत पटली. तिचा चेहरा आईवर गेला होता, सगळेच म्हणत. त्या दिवसापासून फोन रोज तिला आई समजून उघडत राहिला आणि ती रोज त्याला समजू देत राहिली.

कळ्या काढताना आई फोन पहिल्या झाडाच्या बेचक्यात ठेवायची. तेजस्वीही तिथंच ठेवू लागली. एका पहाटे ती चौथ्या झाडाशी स्टुलावर उभी होती. बेचक्यात उजेड झाला. टिक. फोन आला असेल म्हणून ती उतरून गेली. फोन आला नव्हता. पडदा उघडा होता, आणि समोर पाण्याचा पाट, त्यापलीकडे केळी. नंतर हे अधूनमधून होऊ लागलं. तिनं कोणाला सांगितलं नाही. फक्त पहिल्या झाडाखाली स्टूल लावताना ती थोडं बाजूला लावू लागली, कोणी आधीच तिथं उभं असावं तसं.

आता तो फोन मरत होता. आणि त्याच्याबरोबर आईला ओळखणारं, रोज पहाटे ओळखणारं, जे काही होतं ते जाणार होतं. बिननावाच्या रकान्यातला प्रश्न एवढाच होता.

शनिवारी ती वही घेऊन दुकानात गेली. स्टॅनीनं काचेवर तीन कंपन्यांचे तीन फोन मांडले; एक निळा, एक काळा, एक पिस्त्याच्या रंगाचा.

"हा निळा, कॅमेऱ्यात राजा. काळ्याची बॅटरी दोन दिवस मरत नाही. पिस्ता दिसायला नाजूक आहे, पण अर्ध्या तासात भरतो. तिघांच्या कंपन्या पोरासोरांसमोर जावाजावांसारख्या भांडतात, पण आतून सगळं एकाच चुलीवरचं. वहीत काय लिहून आणलंयस? परीक्षा घेणार माझी?"

"एकच प्रश्न आहे. जुन्या फोनातलं सगळं नव्यात येतं?"

"फोटो, नंबर, मेसेज, सगळं. अर्धा तास दोघांना शेजारी ठेवायचं."

"आणि चेहरा?"

"कसला चेहरा?"

"कुलपाचा. आईचा."

स्टॅनीचा हात काचेवर थांबला. "नाही येत, तेजू. तो ज्या फोनात घातला त्यातच राहतो. कंपनी कुठलीही घे."

"त्याच कंपनीचा घेतला तरी?"

"तरी. तो बाहेर निघतच नाही. फोन गेला की गेला."

तिनं वही मिटली. स्टॅनी तीनही फोन पुसत राहिला, मग उगाच बोलायला म्हणून बोलला, "ह्या पिस्त्यात दोन चेहरे घालता येतात. बाकी दोघांत एकच. नवरा-बायको घेतात असा. एक तिचा, एक त्याचा."

"दोन?"

"हो. एकाची जागा रिकामी ठेवली तरी चालतं."

"हाच दे," तेजस्वी म्हणाली. कॅमेरा, बॅटरी, अपडेट, सगळे रकाने तसेच राहिले.

दोन्ही फोन काचेवर शेजारी शेजारी ठेवले. जुन्यातून नव्यात फोटो गेले, फुलवाल्यांचे नंबर गेले, आईनं पाठवलेले सुप्रभातचे गुलाब गेले. शेवटचा आकडा शंभर झाला आणि जुना फोन आपोआप काळा पडला. स्टॅनीनं तेजस्वीचा चेहरा नव्यात नोंदवला. त्याखाली ओळ होती, 'दुसरा चेहरा जोडा'. ती त्यानं तशीच ठेवली.

"जुना ठेवून जा, मी नीट विल्हेवाट लावतो," तो म्हणाला. ती ठेवून आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं फडकं बांधलं आणि पहिल्या झाडाखाली नवा फोन तोंडासमोर धरला. चेहरा जुळत नाही. फडकं सोडलं, टिक. पुन्हा बांधलं, चेहरा जुळत नाही. हा फोन तिला ओळखत होता. फक्त तिला. असं व्हायलाच हवं होतं, आणि तरी तिला वाटलं, दवाखान्यातली ती मान आत्ता दुसऱ्यांदा वळली.

टेंपो यायला तासभर होता. पाटातलं पाणी हलत नव्हतं. मग तिनं आकडे टाकून फोन उघडला, 'दुसरा चेहरा जोडा' दाबलं, आणि फोन बेचक्यात आईसारखा टेकवून ठेवला. डोक्याचं फडकं सोडलं. समोरच्या फांदीवर, आईचं डोकं जिथं येई तेवढ्या उंचीवर, ते अडकवलं आणि हनुवटीखाली बांधायची तशी गाठ मारली. मग ती बाजूला झाली, फोनला दिसणार नाही पण कडेनं पडदा वाचता येईल अशी, झाडाच्या मागं.

"आणलंय," ती हळूच म्हणाली. "उशीर झाला."

पडद्यावर गोल उमटला. 'चेहरा चौकटीत आणा.'

फडकं स्थिर होतं. वारा नव्हता, केळीचं पानसुद्धा हललं नाही.

'चेहरा चौकटीत आणा.'

स्टॅनीनं सांगितलं होतं, की समोर कोणी नसलं तर फोन थोडा वेळ वाट पाहून आपणच बंद होतो. ती मनात मोजू लागली. वीसपर्यंत आली तेव्हा गोलातली अक्षरं बदलली.

'थोडं जवळ या.'

तिनं तोंडावर हात धरला. खालच्या सुक्या पानांवर काही वाजलं, की वाजलं नाही, ते तिला नंतर कधी सांगता आलं नसतं.

'आता मान थोडी डावीकडे वळवा.'

फांदीवरचं फडकं डावीकडे वळलं. गाठीच्या वरची पोकळी भरल्यासारखी दिसली, किंवा पहाटेच्या त्या उजेडात तसं दिसतं. गोलाच्या कडेनं हिरवी रेघ फिरत गेली, फिरत गेली आणि टोकाला टोक मिळालं.

'चेहरा जोडला.'

तेजस्वी झाडामागून निघाली ती पहिल्या झाडाकडे न बघता. टोपली उचलली, दुसऱ्या झाडाशी स्टूल लावलं आणि कळ्या काढू लागली. दव सरळ केसांत उतरत होतं. मुंग्या मानेवर आल्या. पाठीमागं फोन उघडला. टिक. थोड्या वेळानं मिटला असावा, कारण पुन्हा वाजला. टिक. नवी वस्तू हातात आली की आई ती अशीच उघडून-मिटून पाहायची.

उजाडलं तशी ती शेवटच्या झाडाच्या कळ्या काढून ओट्याशी आली. वडील, रामचंद्र, चहाचा कप धरून पायरीवर बसले होते. मोतीबिंदूमुळे त्यांना लांबचं धूसर दिसे, पण तिचे भिजलेले केस त्यांनी पाहिले.

"बाय, एकवीस झाडं झाली?"

"वीस. पहिलं ठेवलंय."

"आणि डोक्याला काही नाही ते? फडकं कुठं टाकलंस?"

तेजस्वीनं टोपली खाली ठेवली. वाडीत कुठंतरी पुन्हा टिक झालं, आणि वडिलांनी कप खाली करून तिकडे मान वळवली.

"आईकडे आहे," ती म्हणाली.