शेजारचा उपग्रह

सकाळपासून मॅडमचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कंट्रोल रूममध्ये त्या खुर्चीत बसत, लगेच उठत. त्यांच्या कंपनीचा उपग्रह आणि दुसऱ्या एका कंपनीचा उपग्रह एकाच कक्षेत शेजारीशेजारी नांदत होते. ज्याने त्याने आपल्या हद्दीत राहायचं, एवढाच करार. पण कालपासून शेजारचा इकडे सरकत होता, आणि त्या कंपनीचं पालुपद एकच: सगळं सुरळीत आहे.

"सुरळीत कसलं? अंगावर येतोय हा!" मॅडम साहेबांना म्हणाल्या. "आपण बाजूला होऊ."

"बिघाड झालाय असं त्यांचं लेखी येऊ द्या. उगाच हललो तर इंधन जाईल, उपग्रहाचं आयुष्य घटेल."

त्या कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये मॅडमची धाकटी नणंद होती, बेबी. सासूबाईंनी कुणाकडे राहायचं यावरून वाजलं, सासूबाई बेबीकडे गेल्या आणि तेव्हापासून नणंद-भावजयीत अबोला. मॅडमनी जिन्यात जाऊन फोन लावला. तो उचलला जाईपर्यंत गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी पिळून पिळून पार वळकटी केली.

"आई बरी आहे," बेबी तुटकपणे म्हणाली.

"त्यासाठी नाही गं. तुमचा उपग्रह ऐकतोय का तुमचं?"

"सगळं सुरळीत आहे, असा मेल केलाय की."

"मेल गेला खड्ड्यात. खरं सांग."

बेबीचा आवाज एकदम खाली आला. "वहिनी, नोकरी जाईल माझी."

"तुझं नाव काढणार नाही."

"ठार बहिरा झालाय. काही सांगा, ढिम्म! तुम्हीच सरका, आत्ताच्या आत्ता."

मॅडम तशाच आत गेल्या. "माझ्या जबाबदारीवर हलवते," म्हणाल्या. साहेबांनी हो-नाही करत मान डोलावली. दुपारी तो बहिरा अगदी जवळून निघून गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

काम सुटल्यावर मॅडम थेट बेबीच्या दारात.

"बातमी कुणी फोडली म्हणून एकेकाला विचारतायत," बेबी कुजबुजली.

"मग? तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, वहिनी आणि मी एकमेकींचं तोंड बघत नाही, अख्ख्या खानदानाला विचारा. लगेच पटलं."

दोघींना हसू फुटलं. तेवढ्यात आतून सासूबाईंची हाक आली, "कोण आलंय गं?"

बेबी गडबडली. सासूबाईंच्या तोंडात तीळ भिजत नसे.

"कुणी नाही, आई! पार्सलवाला!"

दार लागलं. मॅडम खाली उतरल्या. बस समोरच उभी होती, पण आनंदाने त्यांना बसवेना. त्या झपाझप चालतच सुटल्या.