सामानाजवळ कोण बसणार?

मित्रांनो, मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला पाहिलंही नसेल. माझ्या गळ्याला आटे पाडलेले आहेत आणि त्यांवर फिरवून घट्ट बसणारं झाकण आहे. मला आडवा पाडा, टांग्यात हिंदकळू द्या, पाण्याचा थेंब सांडणार नाही. प्रवासासाठीच माझा जन्म झाला, आणि सांगायची गोष्टही प्रवासाचीच आहे. पण ती आठवली की अजून माझं पितळ तापतं.

कारागिरानं मला ठोकून, घासून सोन्यासारखं केलं आणि मी कासारी बाजारातल्या दुकानात येऊन बसलो. आज ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात, ते तेव्हाचं औरंगाबाद. निजामाविरुद्धची पोलीस अ‍ॅक्शन होऊन वर्ष उलटलं होतं. बिडकीनच्या सरोजिनीचं लग्न औरंगाबादेतल्या व्यंकटरावांशी ठरलं आणि तिच्या मामांनी मला आहेरासाठी उचललं. व्यंकटराव कचेरीत कारकून होते. घरी मोटार सोडाच, सायकलसुद्धा शेजाऱ्याची मागून आणायची.

निजामाचा अंमल होता तोवर पुण्या-सोलापूरचे नातेवाईक इकडं फारसे फिरकत नसत. अंमल गेला आणि साऱ्यांना एकदम वेरूळ आठवलं! मनमाडहून येणाऱ्या गाडीनं दर सुट्टीत कुणी ना कुणी उतरायचं. सगळ्यांना सगळं एका दिवसात बघायचं असायचं. सरोजिनी पहाटे उठून दशम्या करायची, मला चिंचेनं घासून भरायची आणि दारात उभी राहून पाहुण्यांना दिवस समजावून सांगायची.

"आधी दौलताबाद करा, उन्हं चढायच्या आत. किल्ल्यातलं भुयार, ती अंधारी, लागली की एकमेकांचे हात सोडू नका. तिथून वेरूळची बस मिळते. कैलास आधी बघा, बाकीची लेणी मग. दुपारची बस चुकवू नका, म्हणजे मकबरा आणि पाणचक्की दिवसाउजेडी होते."

पाहुणे म्हणायचे, "वा, वहिनींना तर सगळं तोंडपाठ आहे!"

मित्रांनो, वहिनींनी यातलं काहीएक पाहिलेलं नव्हतं. आधी टांग्यात जागा नसायची, मग सासूबाईंचं पथ्य निघायचं. आलेल्या-गेलेल्यांच्या बोलण्यातून तिनं सगळं जुळवलं होतं. तिनं काही म्हटलंच तर उत्तर ठरलेलं, "तुझं काय, तू तर इथलीच. कधीही बघशील."

मी मात्र दर खेपेला जायचो. पितळेचा ठोंब्या मी, मला काय करायचं होतं कैलास बघून? पण मला कैलास तोंडओळखीचा झाला. संध्याकाळी पाहुणे पाय चेपत आडवे व्हायचे. सरोजिनी विचारायची, "कसं होतं हो?" ते म्हणायचे, "छान होतं. पण दमलो बुवा!" एवढंच. मग ती मला विसळून पालथा घालायची आणि क्षणभर माझ्याकडं बघत राहायची. मला सगळं ठाऊक होतं आणि तोंड असून बोलता येत नव्हतं.

एका दिवाळीनंतर पुण्याहून व्यंकटरावांची थोरली बहीण द्वारकाबाई आणि तिचे यजमान काकासाहेब आले. रात्रीच्या गाडीनं त्यांना परतायचं होतं. द्वारकाबाई म्हणाल्या, "सरोजिनी, तूही चल. वाढायला कुणीतरी हवंच."

वाढायला तर वाढायला! तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं. टांगेवाला फकिरा तिला बघून हसला. "बाईसाहेब, आज तुमी बी? लई चांगलं झालं बगा!"

"हो. सांजच्याला स्टँडवर थांबाल ना? मकबरा, पाणचक्की करायचीय."

"थांबतो की! पर बस चुकवू नका. अंधार पडल्यावर मी नाय थांबत."

दौलताबादला उतरलो. किल्ला समोर ताठ उभा. सरोजिनीनं पदर खोचला, आणि काकासाहेबांनी विचारलं, "सामानाजवळ कोण बसणार?"

सामान म्हणजे काय? डबा, छत्री, सतरंजी आणि मी. व्यंकटराव आभाळाकडं बघू लागले. द्वारकाबाईंना चपलेचा अंगठा तपासावासा वाटला. शेवटी सरोजिनीच म्हणाली, "मी बसते. पण वेरूळला मी आत जाणार हं."

"अगं, नक्की!" सगळे एकदम म्हणाले.

सकाळभर ती दगडावर बसून किल्ल्याकडं मान वर करून बघत राहिली. मला वाटत होतं, घे मला काखोटीला आणि चढ! नाहीतर मला इथंच टाक!

वेरूळला कैलासासमोर लिंबाखाली जेवणं झाली. कैलासाच्या पुढं उंच भिंत आहे. बाहेरून आतलं काहीच कळत नाही. सरोजिनी खरकटं आवरत होती, तेवढ्यात काकासाहेब उठले. "आम्ही पटकन बघून येतो. मग तू जा. तोवर सामान आहेच."

ते 'पटकन' भलतंच लांबलं. काकासाहेबांना एकूण एक लेणं मोजून यायचं होतं. सावली आमच्यावरून सरकून गेली, ऊन अंगावर आलं. सरोजिनी भिंतीतल्या दाराकडं बघायची, रस्त्याकडं बघायची, माझं झाकण उघडायची, पुन्हा लावायची. चार पावलांवर दार होतं! मी तिथं नसतो तर ती केव्हाच आत गेली असती, या विचारानं मला माझीच चीड आली.

मंडळी आली ती घामाघूम होऊन आणि त्यांच्या मागोमाग बसही आली. कंडक्टर ओरडू लागला.

"ऊठ ऊठ," द्वारकाबाई म्हणाल्या, "उचल सामान!"

सरोजिनी उठली. तिनं डबा उचलला नाही, छत्री उचलली नाही. मलाही नाही.

"मी आत जाऊन येते."

"आत्ता? अगं, बस सुटतेय!"

"सुटू द्या."

"आणि मकबरा? पाणचक्की?" काकासाहेबांचा आवाज चढला.

"सरोजिनी!" व्यंकटराव चार लोकांत बायकोचं नाव घेऊन ओरडले. हे प्रथमच.

ती वळली. "अहो, सामानाजवळ बसा जरा. मी कुठं लांब चाललेय? इथलीच तर आहे." आणि भिंतीतल्या दारातून ती दिसेनाशी झाली.

बस गेली. धुरळा खाली बसला. काकासाहेब सतरंजीवर बसून फुणफुणत होते, "ही काय रीत झाली? एवढ्या लांबून आलो आम्ही!" व्यंकटरावांनी मला उघडलं, पाणी न पिताच बंद केलं. पहिल्यांदाच ती आत होती आणि मी बाहेर. आत तिनं काय पाहिलं, किती वेळ कुठं थांबली, मला माहीत नाही. त्याची चुटपुट अजून आहे. पण त्या दिवशी कुणी मला आत नेलं असतं, तर मी झाकण पाडून निषेध केला असता!

खूप वेळानं ती आली. माझ्यातलं उरलेलं पाणी ती घटाघटा प्यायली. सगळे तिच्या बोलण्याची वाट बघत होते. ती द्वारकाबाईंना म्हणाली, "वन्सं, खालच्या अंगाला फिरून तुम्ही हत्ती बघितलेत का? सगळं देऊळ पाठीवर घेऊन उभे आहेत. किती वर्षं झाली असतील, एकानंही मान टाकली नाही."

द्वारकाबाईंनी हत्ती बघितले नव्हते. लेण्यांची मोजदाद करण्याच्या नादात त्या देवळाभोवती फिरल्याच नव्हत्या. कन्नड गावाकडून पुढची बस आली, तेव्हा डबा त्यांनी उचलला.

औरंगाबादेत उतरलो तेव्हा दिवे लागले होते. फकिरा गेलेला. सगळे घरापर्यंत चालत आले. 'औरंगाबादेत काही बघायलाच मिळालं नाही' असं ते पुढं पुण्यात सांगत असत म्हणे.

मित्रांनो, पुढं थर्मास आले, भाड्याच्या मोटारी आल्या, मग प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. मी माळ्यावर गेलो. त्याचं मला दुःख आहे, नाही कसं? पण खरं शल्य वेगळंच आहे. सरोजिनी म्हातारी होऊन गेली. तिचं दौलताबाद राहिलं ते राहिलंच. मकबराही तिनं रस्त्यावरूनच बघितला. जन्म या गावात काढला, आणि पुढच्या प्रत्येक खेपेला कुणी ना कुणी तिला म्हणालंच, तू तर इथलीच.

आमच्यासारख्या जुन्या वस्तू घासूनपुसून ठेवा, असं मी तुम्हाला सांगावं अशी तुमची अपेक्षा असेल. ठेवा की. पण त्याआधी एक करा. सहलीला गेलात की सामानाजवळ कोण बसलंय ते बघा. आई असेल, आजी असेल, मावशी असेल. तिला उठवा, आत पाठवा आणि तिच्या जागी तुम्ही बसा. बसायला कुणीच तयार नसेल, तर आम्हाला झाडाखाली ठेवा आणि सगळेच आत जा.

चोरीला गेलो तर गेलो.